आठ मिनिटांचं टाचण : एका डोंगरी केंद्रातल्या शिक्षकांचा पॉडकास्ट कसा चालला आणि कुठे अडला

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, कोयनेच्या अंगाला जो डोंगरी पट्टा आहे तिथल्या एका केंद्राची ही गोष्ट. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाहीये, शाळांचं नाही आणि माणसांचंही नाही, कारण यातले सगळे अजून नोकरीत आहेत, आणि आमच्या बदल्या ऑनलाइन झाल्या तरी बोलणी ऑफलाइनच खावी लागतात. मी याच केंद्रातली शिक्षिका, आणि या पॉडकास्टचं रेकॉर्डिंग-एडिटिंग माझ्याकडे होतं, म्हणजे अजूनही आहे. त्यामुळे हे लांबून केलेलं निरीक्षण वगैरे नाही, आतूनच लिहितेय.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. केंद्र म्हणजे आसपासच्या दहा-पंधरा शाळांचा गट, त्यावर केंद्रप्रमुख, त्यांच्या वर विस्तार अधिकारी, त्यांच्या वर गटशिक्षणाधिकारी. आमच्याकडे बहुतेक शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. दोन माणसं, चार वर्ग, आणि त्या दोघांतल्या एकाकडे मुख्याध्यापकाचा चार्ज. एक जण मीटिंगला गेला की दुसरा चारही वर्ग व्हरांड्यात घेऊन बसतो. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस लागला की शिकवणं सोडा, मुलाला नाव विचारलं तरी ऐकू येत नाही. अशा शाळेतल्या शिक्षकाला "बाजूच्या वर्गात डोकावून बघा, सहकाऱ्याकडून शिका" असं सांगणं सोपं आहे हो, पण बाजूचा वर्गसुद्धा त्याचाच असतो ना.

मग शिकायचं कुठे, तर महिन्यातून एकदा होणाऱ्या शिक्षण परिषदेत. तिथं स्वागत, प्रास्ताविक, वरून आलेल्या विषयांची यादी, कोणाचा तरी आदर्श पाठ, माहिती भरायची राहिली असेल त्यांची नावं आणि मग आभार. खरी परिषद जेवणाच्या डब्यांवर होते हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. भाकरी मोडता मोडता कोणी सांगतं की मी हातच्याची वजाबाकी आता काड्यांच्या गठ्ठ्यानं न घेता पैशांवर घेते, दहाची नोट सुट्टी करायला लावते, तर समोरची विचारते मग शंभरातून सुट्टे करताना दोनदा मोडावं लागतं तेव्हा काय करता, आणि पाच मिनिटांत जे बोलणं होतं ते दिवसभरच्या पीपीटीत नसतं. पण ते डब्याबरोबरच बंद होतं. जे त्या घोळक्यात नव्हते त्यांच्यापर्यंत काहीच जात नाही.

प्रशिक्षणं नाहीत असं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. २०१७ पासून दीक्षा हे सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे, २०१९ ला निष्ठा हे शिक्षक प्रशिक्षण आलं आणि कोविडमध्ये तेही ऑनलाइन झालं. लॉकडाऊनमध्ये 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या सरकारी अभ्यासमालेच्या लिंका रोज यायच्या आणि आम्ही त्या रोज पुढे पाठवायचो. पण खरं सांगायचं तर बऱ्याच ऑनलाइन कोर्सचं काय होतं, तर एकीकडे व्हिडिओ चालू, दुसरीकडे कुकरच्या शिट्ट्या, आणि शेवटच्या प्रश्नमंजूषेची उत्तरं ग्रुपवर. सर्टिफिकेट येतं. वर्गात काही बदलतंच असं नाही.

पहिला प्रयत्न : ऐकण्याआधीच अंगठे

आमच्या केंद्रप्रमुख मॅडम स्वतः बरीच वर्षं वस्तीशाळेवर काढलेल्या. त्यांनीच एका परिषदेत डबे उघडल्यावर सांगितलं, "हे जे आत्ता बोलताय ना ते रेकॉर्ड करा, बाकीचं राहू दे." चांगली कल्पना. पण कल्पना मीटिंगमधून बाहेर पडून आमच्या हातात येईपर्यंत तिला शाल-श्रीफळ मिळालेलं असतं. पॉडकास्टला सोज्ज्वळ नाव दिलं गेलं, विषयांची वर्षाची यादी झाली, कोणी कधी बोलायचं याचं वेळापत्रक झालं, आणि पहिल्या भागांत आम्ही सगळेच "आजच्या या भागात आपणा सर्वांचे सहर्ष स्वागत" असं बोलायला लागलो. डब्यावर "अगं बाई" म्हणणारी मॅडम माइकसमोर "तद्वतच" म्हणायला लागली. भाग अर्ध्या तासाचे. विषय म्हणजे ज्ञानरचनावाद, नव्या धोरणाची ओळख, मूल्यशिक्षण.

ग्रुपवर भाग टाकला की मिनिटाभरात अंगठे आणि टाळ्या सुरू. अर्ध्या तासाचा ऑडिओ, आणि "खूपच उपयुक्त मार्गदर्शन मॅडम" ही कमेंट दुसऱ्या मिनिटाला! ज्या मोफत ॲपवरून आम्ही भाग चढवत होतो तिथं लोक कुठपर्यंत ऐकतात याचा एक आलेख दिसतो, तो सुरुवातीलाच जो खाली जायचा तो परत वर यायचाच नाही. फाइलही जड व्हायची, आणि वस्तीवर रेंज नसल्यामुळे ती गोल गोल फिरत राहायची.

काही भाग झाल्यावर ते आपोआप थंडावलं. कोणी बंद केलं नाही, कोणी विचारलंही नाही. एका परिषदेनंतर एसटीची वाट बघत उभे होतो तेव्हा लांबच्या वाडीवरचे एक सर सहज बोलून गेले, "मॅडम, सगळं बरोबर सांगताय तुम्ही लोक. पण ऐकून झाल्यावर मी उद्या काय करायचं ते कोणीच सांगत नाही."

"उद्या साडेदहाला ते कसं दिसेल?"

ते वाक्य मी केंद्रप्रमुख मॅडमना सांगितलं. पुढच्या परिषदेत त्यांनी पॉडकास्टचा विषयच काढला नाही, सगळ्यांना अर्धा कागद दिला आणि म्हणाल्या, या महिन्यातलं तुमचं स्वतःचं एक ध्येय लिहा. कागद गोळा झाले. त्यातले बहुतेक असे होते : विद्यार्थ्यांची गुणवत्ता वाढवणे. १०० टक्के मुले वाचती करणे. मुलांमध्ये इंग्रजीची गोडी निर्माण करणे. मॅडमनी नावं न घेता एकेक कागद वाचला आणि प्रत्येकाला एकच प्रश्न : "हे उद्या साडेदहाला वर्गात गेल्यावर कसं दिसेल?" पहिल्या दोन-तीन वेळा लोक हसले. नंतर शांत झाले, कारण दिसण्यासारखं काही नव्हतंच.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आम्हाला ध्येयांची कमतरता कधीच नव्हती. ५ जुलै २०२१ ला लहान वर्गांच्या वाचन-गणितासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं, त्यात दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत, तिसरीच्या मुलाला ९९९९ पर्यंतच्या संख्या याव्यात असं स्पष्ट लिहिलंय. भिंतीवर रंगवलंय सुद्धा. पण ही मुलांनी कुठे पोचायचं याची ध्येयं झाली. तिथं पोचवण्यासाठी शिक्षकानं सोमवारी नेमकं काय वेगळं करायचं हे त्यात नाही, आणि त्यांचं ते कामही नाही. आम्ही मुलांची ध्येयं उचलून स्वतःच्या नावावर लिहीत होतो आणि मग महिन्याअखेर मुलांकडे बोट दाखवत होतो.

एडविन लॉक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये मांडलं आणि पुढे गॅरी लॅथमबरोबर अनेक वर्षं तपासलं की "जमेल तेवढं चांगलं करा" असं सांगितलेल्या माणसांपेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय दिलेली माणसं जास्त चांगलं काम करतात. हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. कमी ऐकलेला भाग असा की काम गुंतागुंतीचं असेल आणि ते कसं करायचं हेच अजून नीट येत नसेल तर नुसता निकालाचा आकडा समोर ठेवून माणूस उलट गडबडतो, तिथं "अमुक पद्धत शिकून करून बघेन" अशी शिकण्याची ध्येयं जास्त उपयोगी पडतात. चार वर्ग एकत्र शिकवणं यापेक्षा गुंतागुंतीचं काम अजून कोणतं असणार? आणि ध्येय नेमकं, मोजता येणारं, मुदतीचं असावं असं सांगणारा तो स्मार्ट ध्येयांचा प्रकार जो प्रत्येक प्रशिक्षणात येतो, तो १९८१ साली जॉर्ज डोरन या माणसानं लिहिलेल्या छोट्या लेखातून आला. त्याच्या मूळ यादीत हे काम नक्की कोण करणार हाही एक मुद्दा होता, पुढे यादी फिरत फिरत आपल्यापर्यंत आली तेव्हा बऱ्याच ठिकाणी नेमका तोच गळालेला. आमच्या कागदांवरही तोच गायब होता.

मग दुसरे कागद लिहिले. यातले काही मी जपून ठेवलेत :

"प्रश्न विचारल्यावर मनात तीन मोजेपर्यंत बोलणार नाही."

"मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आधी रोज दोन मुलांच्या शेजारी बसून वाचन ऐकीन, वहीत एकेक ओळ लिहीन."

"दुसरीला शिकवताना पहिलीला दिलेलं काम फळ्याच्या कोपऱ्यात चित्रानं काढून ठेवीन, म्हणजे 'बाई आता काय करू' कमी होईल."

आणि एका सरांचं : "वर्ग चालू असताना ग्रुप उघडणार नाही, माहिती 'तातडीने' मागवलेली असली तरी मधल्या सुट्टीतच बघेन." यावर आधी हशा झाला, मग आणखी चार-पाच जणांनी आपला कागद खोडून हेच लिहिलं. केंद्रप्रमुख मॅडमनी तेही मंजूर केलं, जरी ती तातडीची माहिती मागवणाऱ्यांत त्या स्वतः होत्या :)

घंटा, आठ मिनिटं, आणि शेवटचं वाक्य

पॉडकास्ट परत सुरू झाला तो असा. सुरुवातीला संगीत नाही, कोणाच्या तरी शाळेतल्या लोखंडी पट्टीवरचा टोल (सिनेगीताची धून लावायची नाही हे आधीच ठरवलं, हक्कांची भानगड नको). मग एक शिक्षक स्वतःच्या वर्गातली एकच गोष्ट सांगणार. नुसतं सांगून सुटका नाही, त्याचा एक जोडीदार दोन प्रश्न विचारणार, डब्यावर विचारतात तसे. आणि शेवटी बोलणाऱ्यानं स्वतःच्या आवाजात म्हणायचं, "या महिन्यात मी एकच गोष्ट करणार, ती म्हणजे…" पुढच्या महिन्यात तोच शिक्षक परत येणार, दोन-तीन मिनिटांसाठी, आणि जोडीदार विचारणार, झालं का, कुठं अडलं.

लांबी आठ मिनिटं. हा आकडा कुठल्या संशोधनातून आलेला नाही, भांडी घासायला लागणारा वेळ आणि फाइलची साइज यांच्यातली ती तडजोड आहे. एका चॅनेलवर ६४ केबीपीएसला एमपीथ्री केली तर मिनिटाला साधारण अर्धा एमबी होतो, म्हणजे आठ मिनिटांचे चारेक एमबी, आणि तेवढं वाडीवरच्या एका कांडीच्या रेंजमध्येही हळूहळू उतरतं. खऱ्या पॉडकास्टला फीड असतं, भाग आपोआप येतो वगैरे, तेही आम्ही ठेवलंय, पण ऐकतात ते सगळे व्हॉट्सॲपवरच. कोणी म्हणेल मग हा पॉडकास्ट कसला, तर नसू दे. एक मात्र बजावून सांगितलं, घाटात गाडी चालवताना कानात इअरफोन नको. एसटीत ऐका, भाकऱ्या करताना ऐका.

रेकॉर्डिंग फोनवरच. शाळेच्या खोलीत नुसत्या भिंती आणि पत्रा, आवाज घुमतो. घरी गोधड्यांच्या फडताळासमोर बसून केलं की चक्क स्टुडिओसारखं येतं. एडिटिंग ऑडॅसिटीवर, ते फुकट आहे, आणि मी फार काही करत नाही, खोकला कापते आणि सुरुवातीचं "हॅलो हॅलो, चालू झालं का?" कापते. मध्येच घरातलं कोणी हाक मारलेलं मात्र मुद्दाम ठेवते.

व्हिडिओ का नाही हे बऱ्याच जणांनी विचारलं. व्हिडिओ म्हटलं की साडी कोणती नेसायची, भिंतीवरचे तक्ते लावले का, मुलं युनिफॉर्ममध्ये आहेत का, थोडक्यात आदर्श पाठाची सगळी तयारी सुरू होते आणि मग दिसतं तेही आदर्शच. आवाजाला तेवढा नट्टापट्टा लागत नाही. आणि दुसरं एक कारण आम्हाला नंतर कळलं, ते पुढे येतंय.

तिसरीच्या मॅडम आणि तीन सेकंद

हा या सगळ्यातला माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा भाग आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

"मनात तीन मोजेपर्यंत बोलणार नाही" हे ध्येय लिहिणाऱ्या मॅडम तिसरी-चौथीच्या जोडवर्गावर. त्यांनी हे लिहिलं कारण मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेचं काम त्यांनी कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं होतं. रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग्ज तपासली तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतो आणि मग स्वतः बोलतो नाहीतर दुसऱ्याला विचारतो. तेच थांबणं तीन सेकंदांच्या पुढे नेलं की मुलांची उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" कमी होतं, आणि जी मुलं एरवी बोलतच नाहीत ती बोलायला लागतात. मॅडमचं म्हणणं, मी तर थांबते, मला फक्त पक्कं करायचंय.

जोडीदार सर म्हणाले, रेकॉर्ड करून बघा. मॅडमनी फोन टेबलावरच्या पेनांच्या डब्यात उभा ठेवला आणि गणिताचा तास रेकॉर्ड केला. रात्री ऐकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीत उतरवून काढलेलं मला दाखवलं, ते असं होतं :

"सात आणि आठ किती? सांगा. सांगा बरं. अरे परवाच केलं की आपण. सात, आणि त्यात आठ… पं… पंध…"

"पंधराऽऽऽ!"

"शाब्बास!"

मॅडम म्हणाल्या, "अगं, उत्तर मीच दिलं आणि शाब्बासकीही मीच दिली." पूर्ण तासात एकदाही त्या दीड सेकंदाच्या वर थांबल्या नव्हत्या. आणि त्यांना खरोखर वाटत होतं की आपण थांबतो. हे कोणी अधिकाऱ्यानं मागे बसून सांगितलं असतं तर त्यांनी ते मान्य केलं असतं, असं मला वाटत नाही. मीही केलं नसतं. स्वतःच्या कानानं ऐकल्यावर वादाला जागाच उरत नाही. व्हिडिओ असता तर आपण आधी स्वतःचा चेहरा बघत बसलो असतो. आवाजात फक्त ती न आलेली शांतता तेवढी ऐकू येते.

मग त्यांनी मोजायला सुरुवात केली. पहिले काही दिवस वाईट गेले. प्रश्न विचारून मॅडम गप्प झाल्या की मुलांना वाटायचं मॅडम चिडल्या, एक मुलगी तर हळूच म्हणाली, "मॅडम, मी नाही बोलले." मग मॅडमनी मुलांनाच सांगून टाकलं की मी गप्प बसले म्हणजे तुमची विचार करायची वेळ आहे, हात लगेच वर करायचा नाही. त्यानंतर पुढच्या भागात त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी : कधीच न बोलणारा एक मुलगा, तोच सात आणि आठचा प्रश्न, शांतता, आणि मग तो म्हणाला, "सात नि सात चौदा, मग एक राहिला, पंधरा." उत्तर तेच, पण आता ते कसं काढलं तेही आलं. मॅडमना कळलं की ह्या पोराला दुपटीवरून बेरीज करता येते, आणि हे त्यांना वर्षभरात कळलं नव्हतं.

हा भाग लोकांनी शेवटपर्यंत ऐकला, आलेखात दिसलं. आणि अंगठे उशिरा आले, ते मला जास्त आवडलं. त्याच आठवड्यात चार-पाच जणांनी स्वतःचा तास रेकॉर्ड केला, कोणी न सांगता. एकानं मला रात्री मेसेज केला, "मॅडम, मी एका तासात 'समजलं का' किती वेळा म्हणतो ते मोजायचं सोडून दिलं."

मुलांच्या आवाजांबद्दल एक नियम आधीच केला होता. वर्गाचं रेकॉर्डिंग शिक्षक स्वतः ऐकणार, फार तर जोडीदार, आणि मग डिलीट. पॉडकास्टमध्ये मुलाचा आवाज नाही, नाव नाही, मॅडमनीही ते बोलणं स्वतःच्या आवाजात करून दाखवलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं. पोराचं चुकलेलं उत्तर तीस शिक्षकांच्या फोनवर फिरवायचा आम्हाला काय हक्क?

कुठं अडलं

सगळं गोड नव्हतं. बरीच ध्येयं महिन्याअखेर जिथल्या तिथंच होती. परत येऊन बोलायच्या भागात "जमलं नाही" म्हणायला परवानगी होती, पण "वेळ मिळाला नाही" असं म्हटलं तर जोडीदारानं विचारायचं, वेळ कुठं गेला ते सांगा. एका सरांनी त्यावर दोन मिनिटं नुसती यादी वाचली : बीएलओचं म्हणजे मतदार याद्यांचं काम, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, आधार दुरुस्ती, शाळेचं लाइट बिल, गळणारा पत्रा. तो भाग तालुक्याबाहेरच्या ग्रुपांवरही पोचला, आणि वरून "असे नकारात्मक विषय टाळावेत" अशी तोंडी सूचना आली. केंद्रप्रमुख मॅडमनी ऐकून घेतलं आणि भाग काढला नाही.

काहींनी ध्येय असं निवडलं की ते आधीपासूनच करत होते, रोज परिपाठ घेईन वगैरे. जोड्या मित्रामित्रांच्या झाल्या की एकमेकांना सांभाळून घ्यायचे, म्हणून पुढे जोड्या चिठ्ठ्या टाकून काढल्या. आणि टिकली कोणती ध्येयं हे बघितलं तर ज्यांना दिवसातला एक ठरलेला क्षण चिकटवलेला होता ती. "रोज दोन मुलांचं वाचन ऐकीन" हे नुसतं लिहिणाऱ्या दोघांचं बारगळलं, "मधल्या सुट्टीच्या घंटेआधी" असं लिहिणाऱ्यांचं चाललं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये नेमकं हेच मांडलंय, अमुक झालं की मी तमुक करीन असं आधी ठरवलेलं असलं की माणूस ते करून बसतो, त्यासाठी वेगळा निग्रह लागत नाही. नंतर आम्ही शेवटच्या वाक्यात "कधी" हे सक्तीचंच केलं.

एक ज्येष्ठ गुरुजी, निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेले, ते काही केल्या तयार होईनात. "बाई, मला आता कसलं ध्येय, पेन्शनचे कागद हेच ध्येय." त्यांना बोलायला लावायचा नाद सोडला आणि प्रश्न विचारणारा जोडीदार केलं. आणि काय प्रश्न विचारले त्यांनी! कोणी म्हणालं मी गटकार्य घेतो, तर गुरुजी, "गटात चार पोरं, त्यातलं एक करतं आणि तीन बघतात, मग तुमच्या गटात कोण बघत होतं?" समोरचा दोन सेकंद गप्प. ती शांतता मी एडिटिंगमध्ये तशीच ठेवली.

सगळ्यात मोठी अडचण यश मिळाल्यावर आली. वरच्या एका कार्यालयाला हे आवडलं. मग यशोगाथा लिहून द्या, फोटो द्या, प्रत्येक शाळेनं महिन्याला किती भाग केले त्याचं प्रपत्र भरा. भागांची संख्या हेच ध्येय झालं असतं तर आम्ही पुन्हा "सहर्ष स्वागत" वर आलो असतो. केंद्रप्रमुख मॅडमनी मधला मार्ग काढला, यशोगाथा दिली, फोटो दिले, आणि प्रपत्रात फक्त एकच रकाना ठेवायला लावला : या महिन्यात परत येऊन बोललेले शिक्षक. ध्येय काय होतं, पूर्ण झालं का, हे त्यात नाही. ते वर गेलं की लोक खरं सांगणं बंद करतात, हे सांगायला कुठला सिद्धांत लागत नाही.

मुलांच्या निकालात फरक पडला का, हे विचारलं जातंच. संकलित चाचणीच्या गुणांवरून मी काही दावा करणार नाही. एका वर्षात शिक्षक बदलतात, पट बदलतो, ऊसतोडीला गेलेली मुलं मध्येच परत येतात, त्यात पॉडकास्टचं श्रेय वेगळं काढणं म्हणजे थापा मारणं. जे दिसतं ते एवढंच की परिषदेत आता लोक "त्या भागात तुम्ही म्हणालात ते मी केलं, माझ्याकडे नाही चाललं, का?" असं बोलतात. आधी असं कोणी विचारत नव्हतं. आणि सर्टिफिकेट मिळेल का, हेही अजून विचारतात, नाही मिळत, ५० तासांतही धरत नाहीत.

सध्या

केंद्रप्रमुख मॅडमची बदली झाली. नवीन साहेबांना रजिस्टर आवडतं, त्यांनी सगळी ध्येयं एका गुगल शीटमध्ये मागितलीत, आणि आम्ही अजून ती दिलेली नाहीत, बोलणं चालू आहे. भाग मात्र जोड्यांनी आपापसात चालू ठेवलेत.

नव्यानं लागलेली एक शिक्षणसेविका, लातूरकडची, हजर व्हायच्या आधीच तिनं जुने भाग ऐकून काढले. तिची तक्रार अशी की यादी तारखेप्रमाणे आहे, त्यामुळे काही सापडत नाही. "मॅडम, मला उद्या पहिली-दुसरी एकत्र घ्यायचीय, त्यासाठी कुठला भाग ऐकू?" बरोबर आहे तिचं. म्हणून आता सगळे भाग अडचणीप्रमाणे लावतोय : जोडवर्ग, न बोलणारं मूल, हातच्याची वजाबाकी, उशिरा शाळेत आलेलं मूल, पालक भेटायला येत नाहीत. "वेळ कुठं गेला" ला वेगळं खातं करायचं का यावर अजून एकमत झालेलं नाही.